दोरीवरची फडकी

आई गेल्यावर आबांनी गावातलं घर बंद केलं आणि आम्ही मळ्यात राहायला गेलो. आम्ही म्हणजे आबा आणि मी. जळगावजवळच्या आमच्या असोद्यापासून मैलभर आत, केळीच्या बागेच्या टोकाला विहीर, विहिरीशेजारी दोन खोल्या, पुढे पडवी, मागे गोठा, एवढाच आमचा संसार. लोकांनी आबांना नावं ठेवली. पोरीची जात, तिला घेऊन रानात राहायचं हे काय डोकं म्हणायचं, असं तोंडावर विचारलं. आबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. ते तसंही कुणाला फारसं उत्तर देत नसत. गळ्यात तुळशीची माळ, एदलाबादच्या मुक्ताईवर सगळा जीव, आणि तोंडाला कुलूप. (एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर, माझ्या तोंडी अजून जुनंच नाव येतं.) गावातल्या घरात जिकडे तिकडे आईचा वावर होता आणि तिथे त्यांना राहवत नव्हतं, हे मला खूप पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की आई गेली ती गेलीच, वर गल्लीतल्या मैत्रिणी, ओट्यावरच्या बायका, सगळी माणसंही माझ्याकडून काढून घेतली. मी आबांवर रागावले होते. ते त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मळ्यातले आवाज मला आजही पाठ आहेत. उजाडायच्या सुमाराला मोट सुरू व्हायची. चाकाची कुरकुर, मग थारोळ्यात पाणी पडल्याचा धबाक आवाज, मग आबांचं बैलांशी बोलणं. बैलांशी ते जेवढं बोलत त्याच्या निम्मंही माझ्याशी बोलत नसत. दुपारी केळीत वारा शिरला की फाटकी पानं एकमेकांवर आपटत, आणि मला दर वेळी वाटायचं की कुणीतरी येतंय. येत कुणीच नसे. मी चुलीपुढे बसून कळण्याची भाकरी थापायची. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते पीठ, त्यात मीठ, आणि थापताना हमखास चीर. पहिलं वर्षभर माझी एकही भाकरी धड गोल झाली नाही. आबा ती मुकाट्याने ठेच्याबरोबर खात. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या वाळक्या झाडांवर, वांगी भाजून मी भरीत करायला शिकले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच पुन्हा वाढून घेतलं. चांगलं झालंय असं तेव्हाही म्हणाले नाहीत. मी मात्र त्या दिवशी उगाचच दोनदा पाणी आणायला गेले आणि विहिरीपाशी जाऊन एकटीच हसले.

माझं सगळं लक्ष शाळेत होतं. गावातल्या शाळेत मी सातवीत होते, आणि सातवीची ती फायनल परीक्षा पास झाली की मास्तरीण होता येतं, असं आमच्या मास्तरांनी मला सांगितलं होतं. परीक्षा जळगावला व्हायची. वर्गात आम्ही दोघी मुली. दुसरीचं लग्न मार्गशीर्षात लागलं आणि मग मी एकटी उरले. माझ्यावरही तीच टांगती तलवार होती. आईच्या तेराव्याला माझी आत्या धुळ्याहून आली होती. तिच्या दिराचा मुलगा होता, जमीन होती, घर चांगलं होतं. आई नसलेल्या पोरीला रानात कोण बघणार, असं म्हणून तिने सगळ्या भावकीसमोर आबांकडून शब्द घेतला की पोरगी शहाणी झाली, तिला न्हाण आलं, की त्याच महिन्यात आत्याला कळवायचं आणि लग्न लावून द्यायचं. आबांनी मान हलवली. दिलेला शब्द आबा मोडत नसत, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मला त्यातलं काही कळलं नाही. कळलं ते सातवीच्या सुरुवातीला, एका सकाळी, गोठ्यात.

शेण काढताना मला परकराला डाग दिसला. मी घाबरले नाही, हे मी अभिमानाने नाही सांगत. घाबरून जायला कुणीतरी जवळ लागतं. बायका बोलायच्या त्यातलं अर्धंमुर्धं कानावर होतं. कावळा शिवला म्हणजे कावळा नसतो, एवढं मला ठाऊक होतं. मी हात धुतले, विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि पहिला विचार आला तो फायनलचा. दुसरा आत्याचा. आईचा विचार तिसरा आला, आणि तो आल्यावर मात्र मी खाली बसले. कुणाला सांगायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. परीक्षा होईपर्यंत. नऊ-दहा महिने. तेरा वर्षांच्या मुलीला नऊ महिने म्हणजे किती, याचा काही अंदाज नसतो.

आईची पत्र्याची पेटी माझ्या खोलीत होती. तिच्यात तिची तीन लुगडी होती. पहिल्यांदा मी सगळ्यात नवं काढलं, हिरवं, सणाचं. नवं ते स्वच्छ, असा माझा हिशेब. त्याची खळसुद्धा गेली नव्हती; चालत शाळेत जाऊन येईपर्यंत मांड्या सोलून निघाल्या. मग लाल काढलं. त्याचा रंग इतका जायचा की धुताना पाण्यात काय उतरतंय तेच समजेना, कितीही पाणी ओतलं तरी लालच. शेवटी राहिलं ते निळ्या काठाचं, आईचं रोजचं, धुवून धुवून विरत आलेलं. तेच चांगलं होतं. मऊ, पाणी झटकन पिणारं, चटकन स्वच्छ होणारं. पण त्याला कात्री लावताना माझा हात चालेना. त्या लुगड्याच्या पदराला मी तोंड पुसलेलं होतं. ‘आई, मला हेच लागेल गं,’ असं मी मोठ्याने म्हणाले आणि एक पट्टा फाडला. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी एकेक पट्टा फाडत गेले. घड्या करायच्या, कमरेला नाडा बांधून त्यात अडकवायच्या, हे माझं मीच शोधून काढलं. चुकत चुकत.

दुसरी पंचाईत चुलीची. आमच्यात त्या चार दिवसांत बाई दूर बसते. चुलीला, पाण्याला, देवाला हात लावत नाही. मी दूर बसले तर स्वयंपाक कोण करणार आणि का बसली म्हणून कुणाला सांगणार? म्हणून मी चूल चालूच ठेवली. विटाळातल्या हाताने माळकरी बापाला भाकरी वाढायची, हे पाप होतं, आणि ते मी जाणूनबुजून करत होते. देवाला तरी शिवायचं नाही म्हणून मी युक्ती काढली. त्या चार दिवसांत आबांना सांगायची, आज देवाचा दिवा तुम्ही लावा, मला अभ्यास आहे. ते उठायचे आणि लावायचे. किती साधा माणूस, असं मला वाटायचं. मनातल्या मनात मी मुक्ताईशी बोलायची, की माझ्या हातचं जे त्यांच्या पोटात जातंय त्याचा दोष माझ्यावर घाल, त्यांच्यावर नको. दर महिन्याला चार दिवस हे चालायचं. बोलायला तीच एक होती.

घड्या धुवायचं काम मी शाळेतून आल्यावर, आबा बांधावर असताना करायची. वाळवायच्या कुठे, हा खरा प्रश्न. गोठ्यामागे पऱ्हाट्यांचा मोठा ढीग होता, त्याच्या पोटात मी हात घालून जागा केली आणि तिथे त्या दडवल्या. ऊन नाही, वारा नाही. दोन-दोन दिवस ओल्या राहायच्या, कुबट वास यायचा, एकदा तर घडीतून बारका कोळी निघाला. आणि तशाच दमट मी वापरायची. चौथ्या-पाचव्या महिन्यात खाज सुरू झाली. मग पुरळ, मग फोड, मग जखमा. शाळेचा मैल मला चार मैल वाटायला लागला. रात्री अंग तापायचं. आबा विचारायचे, काय होतंय? मी म्हणायची, काही नाही, कापसात बसले होते, त्याची खाज. ढीगभर कापूस घरात असला की साऱ्यांनाच खाज सुटते, म्हणून ते खपून गेलं. आईविना पोर म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. दुखतंय कुठे हे दाखवायलासुद्धा माणूस नाही. मी केळीत जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत यायची.

मला पकडलं ते धुरपतामावशीने. ती आमच्याकडे निंदणीला यायची, उंच, काळीसावळी, बोलायला तिखट. मी फेंगडी चालतेय हे तिने बांधावरून पाहिलं आणि विळा टाकून सरळ माझ्याकडे आली. मला केळीच्या ओळीत आत नेलं, दाखव म्हणाली. मी आधी नाही नाही केलं, मग दाखवलं. तिने कपाळावर हात मारला नाही की हाय हाय केली नाही. फडकी कुठे वाळवते, एवढंच विचारलं. मी पऱ्हाट्यांचा ढीग दाखवला. तिने हात घालून एक घडी ओढून काढली, हुंगली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

“असं चोरून नसतात वाळोत, माय,” ती म्हणाली. “फडक्याले ऊन पाह्यजे. कडक ऊन. न्हायी तं तेच फडकं तुले खाईन.”

मग तिथेच उकिडवी बसून तिने मला सगळं सांगितलं. आधी थंड पाण्यात भिजू घालायचं, गरम पाणी सुरुवातीला घातलं तर डाग धरून बसतो. मग राखेच्या निवळीत उकळायचं. मग तीन पाण्यांतून काढायचं, पिळायचं, झटकायचं आणि उन्हात टाकायचं, उलटून पालटून, कडकडीत होईपर्यंत. ओलं कधी घ्यायचं नाही, मग काही होवो. दिवसातून तीन-चार वेळा बदलायचं, शाळा असली तरी. जखमांना तिने खोबरेल तेलात कसलासा पाला कढवून आणून दिला. कुणाला सांगू नको, असं मी तिच्या पाया पडून सांगितलं. ती म्हणाली, मी कोणाले सांगू, माह्यं कोन ऐकते. तिच्या घरी दोरीच नव्हती. तिची फडकी कुंपणावर उघडी वाळायची. आमच्याकडे कोन पाहते, असं ती म्हणाली, आणि ते हसत म्हणाली. मला तेव्हा तिचा हेवा वाटला होता, हे आता लिहायला लाज वाटते.

मागच्या दिवाळीत माझी नात सई पुण्याहून आली होती. स्वयंपाकघरात एका छोट्या पातेल्यात ती काहीतरी उकळत होती. मी डोकावले तर मऊ रबरासारखी एवढीशी वाटी. हे काय गं, म्हणून विचारलं तर तिने जराही न लाजता सांगितलं. ती वाटी आत बसवायची, बारा तासांच्या आत काढून रिकामी करायची, त्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवायचे. आपल्या अंगाला कुठलं माप बसतं ते बघून, चांगल्या प्रतीची घ्यायची, स्वस्त मिळाली म्हणून कुठलीही उचलायची नाही. पाळी संपली की उकळायची, पुसून कोरडी करायची आणि हवा खेळेल अशा सुती पिशवीत ठेवायची, घट्ट डब्यात कधी नाही. तिच्या डॉक्टरबाईंनी तिला हे सगळं नीट समजावलं होतं. मी विचारलं, हिला ऊन दाखवतेस का? ती हसली, आजी, उकळलं की झालं. तिच्या आईने तिकडून ओरडून विचारलं की माझं दुधाचं पातेलं घेतलं नाहीस ना, आणि दोघी भांडायला लागल्या. मी पडवीत येऊन बसले. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झालाही. पण त्याच्याआधी मला केळीत जाऊन रडणारी ती तेरा वर्षांची पोर आठवली. एवढं साधं बोलणं असतं हे, आणि मला ते बोलायला केळीची ओळ लागली होती.

तर ऊन पाहिजे, हे कळलं. पण उन्हात टाकायचं कसं? मळ्यात दिवसभर माणसांचा राबता. गडी, गाडीवाले, घड न्यायला येणारे. आणि मग एका सकाळी मला ते सुचलं. केळीचा चीक ज्याने पाहिलाय त्यालाच हे कळेल. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. कपड्यावर पडला तेव्हा दिसतही नाही, पण वाळला की तांबूस-काळा डाग पडतो आणि तो मरेपर्यंत जात नाही. हुबेहूब जुन्या रक्तासारखा. आमच्याकडच्या साऱ्या बागायतदारांचे सदरे तसे डागाळलेले. घड वाहताना गडी डोक्याखांद्याला जुनी फडकी बांधत, ती फडकी संध्याकाळी धुवून गोठ्यापुढच्या दोरीवर टाकत. आबांचीही असायची. दहा-पंधरा डागाळ फडकी, भर उन्हात, साऱ्या जगासमोर, आणि त्यांच्याकडे बघायची कुणाला गरजच वाटत नसे. त्यांत माझी चार टाकली तर कोण ओळखणार? मी टाकली. पहिल्या दिवशी जीव नुसता मुठीत. मी खिडकीतून हलले नाही. गाडीवाला आला, दोरीखालून वाकून गेला, माझ्या घडीला त्याचं डोकं लागलं आणि त्याने पुढे जाऊन बिडी पेटवली. मला इतकं हसू आलं की तोंडात परकराचं टोक कोंबावं लागलं. पंधरा दिवसांत माझ्या जखमा वाळल्या. मी पुन्हा सरळ चालायला लागले. आपण फार हुशार आहोत, साऱ्या जगाला आपण बनवलं, असं मला वाटायला लागलं होतं.

हुशारी होती, पण सांगायला कुणी नव्हतं. धुरपतामावशीचं काम संपलं आणि ती दुसऱ्या गावाला निघून गेली. माघात बागेतले सारे घड गेले, केळीचे खांब कापले, रान नांगरून झालं. विहिरीजवळच्या वीस-एक केळी तेवढ्या घरच्यासाठी उभ्या ठेवल्या. गडी गेले, गाड्या बंद झाल्या, वाऱ्याचा आवाजसुद्धा गेला. मळा असा ओस पडला की दुपारी मी मोठमोठ्याने भूगोल वाचायची, निदान कुणाचा तरी आवाज यावा म्हणून. दोरी आता रिकामी पडणार, मग मी काय करणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. पण दोरी रिकामी पडली नाही. आबांची फडकी येतच राहिली. रोज एक-दोन, ताज्या चिकाची. ते रोज त्या वीस केळींची पिलं कापायचे. बुंध्याला फुटलेली रोपं, ती अधूनमधून कापतातच, पण वीस केळींना रोज कापावी एवढी पिलं येतात कुठून? हा प्रश्न मला आज पडतो. त्या वेळी मला नुसतं हायसं वाटलं. डोकं सारं गणितात घातलं होतं.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना आत्या आली. तिला बोदवडला कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं, मध्ये जळगावला उतरली आणि टांगा करून थेट मळ्यात. माझा दुसरा दिवस होता. सकाळीच धुतलेल्या घड्या दोरीवर होत्या. आत्याने माझ्या गालांवरून हात फिरवला, उंची बघितली, मग छातीकडे बघितलं, आणि तिचे डोळे बारीक झाले. तिचा गुरुवारचा उपास होता, चुलीवरचं ती काही खाणार नव्हती. त्यामुळे माझ्या पापात निदान तिची भर पडली नाही. दोन केळी खाल्ली आणि हात धुवायला म्हणून गोठ्याकडे गेली. मी चुलीपाशी होते. तिथून मला तिची पाठ दिसत होती. ती दोरीपाशी थांबली. एक फडकं उचललं, उजेडात धरलं, बोटांनी चाचपलं. फडक्याच्या कडेला निळा काठ होता.

“भाऊ,” तिने हाक मारली. धुळ्याकडे तिला वीसेक वर्षं झाली होती, तिची सारी बोली तिकडचीच झालेली. “हाई काय शे?”

आबा पडवीत बसले होते. ते उठून गेले. आत्याने ते फडकं दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलं होतं.

“केळी ते निंघी गयात ना? मंग हाऊ डाग कसाना?” हा डाग कशाचा, यावर ते काही बोलायच्या आत तिने पुढचं विचारलं. “पोर शहाणी व्हयी गयी अनी तू माले सांगं नही?”

मला वाटलं, झालं. फायनल गेली, शाळा गेली, मी उद्या धुळ्याच्या वाटेला. मला रडूही आलं नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी मी ती उचलली नाही. आबांना खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. एकदा बैलाच्या सौद्यात बैल मारका आहे हे आपणहून सांगून ते रिकाम्या हाताने परत आले होते. ते आता मला हाक मारतील, विचारतील, आणि मला खरं सांगावं लागेल. मी उठून उभी राहिले, हात पुसले.

आबांनी हाक मारली नाही. त्यांनी आत्याच्या हातातून ते फडकं घेतलं. एकदा त्याच्याकडे पाहिलं. निळ्या काठावर त्यांचा अंगठा क्षणभर थांबला. ते लुगडं त्यांनीच आणलेलं होतं. आईच्या अंगावर त्यांनी ते किती वर्षं पाहिलं असेल. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि ते फडकं, माझं ते फडकं, सावकाश डोक्याला गुंडाळलं. मागे गाठ मारली.

“माह्यं हाये ते,” ते म्हणाले. “पिलं कापतो मी रोज. चीक गळते.”

आत्या बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून शंका अशी उतरली की काही विचारू नका. माळकरी माणूस, एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारा, तो असलं फडकं डोक्याला लावेल, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. तिने स्वतःच्याच तोंडात मारून घेतल्यासारखं केलं आणि माझा मेलीचा शक वाईट असं पुटपुटली. मग आबांच्या दंडाला धरून पडवीत आली, आईची आठवण काढून जरा रडली, आणि पोर शहाणी झाली की मात्र लगेच कळव, एवढं बजावून तासाभराने टांग्यात बसली. टांगा नजरेआड होईपर्यंत आबा तसेच उभे होते, डोक्याला ते फडकं बांधून.

फायनल मी पास झाले. पुढे मास्तरीणही झाले, आणि आत्याला कळवलं गेलं ते मला नोकरी लागल्यावर, तेव्हा तिच्या दिराच्या मुलाला दोन पोरं झालेली होती. त्या दिवसाबद्दल आबा आणि मी आयुष्यात कधी एक अक्षर बोललो नाही. ते त्यानंतर पंचवीस वर्षं जगले. कितीदा वाटलं, विचारावं. कितीदा त्यांच्या शेजारी बसले आणि पावसापाण्याचं बोलून उठले. एकाच घरात आम्ही दोघं तेच एक गुपित आपापल्यापुरतं धरून बसलो होतो, तेही आणि मीही, आणि मधली भिंत कुणी ओलांडली नाही. ती एकदाच जराशी सरकली, त्या दुपारी, टांगा गेल्यावर.

ते आत आले. डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, परत दोरीवर नेऊन टाकलं, नीट पसरून. मग हातपाय धुऊन पाटावर बसले. मी जळकी भाकरी बाजूला काढून दुसरी केली होती, पण ती मला उचलवेना. त्यांना आता सगळं माहीत आहे, आणि मी त्यांना या हातांनी वाढायचं? मी भिंतीकडे तोंड करून कसंबसं म्हणाले, “आबा, आज तुमी आपल्या हातानं घ्या.”

मला वाटलं, उठून जातील. मग पाटावरूनच त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

“वाढ वं माय,” ते म्हणाले. “दर महिन्याले वाढते तसं.”